गोठ्यात लागणारा सूर

सकाळचे दहा. महाड डेपोत वरंधच्या गाडीची वाट पाहणाऱ्या अमिताशेजारी गोदूबाई आणि तिचा बँडवाला पुतण्या किरण बसले होते. किरणच्या मांडीवर सॅक्सोफोन होता.

“काकी, आज उमरठच्या वरातीत वरचा सूर फाटला, तर मास्तर माझ्या हातात झांज देईल.”

“घरी लागतो ना रे?”

“गोठ्यात लागतो. माणसं बघितली की ओठ आवळतो.”

“गोठ्यात लागतो म्हणून म्हशीनं दूध चोरलान!”

“तिला कळतं तरी.”

“मग डोळे मिट. समोर म्हस हाय समज.”

“चालता चालता? गटारात जाईन.”

“मी मागून सदरा धरते. चल, उमरठची गाडी लागली.”

किरण डोळे मिटूनच पायऱ्या चढला.

गाडी सुटली, तसा खिडकीतून सूर वर चढला. अमिताला तो नाक्यापर्यंत ऐकू आला. तोवर फाटला नव्हता.