ने म्हणजे हो

कोरियन भाषा मला अस्खलित येते. अस्खलित म्हणजे चार शब्द येतात, आणि तुम्हाला सांगतो, त्यातले दोन तर इंग्रजीच निघाले. आइस्क्रीमला आइसुखुरीम, बसला बॉसु. म्हटलं, वा, ही तर आपलीच माणसं. आपण नाही का स्टुलाचं इस्टूल केलं, स्टेशनाचं ठेसन केलं? इंग्रजी म्हणजे शेजाऱ्याची शिडी हो, एकदा आणली की आपलीच.

तर झालं असं, की आमची सूनबाई मागच्या खोलीत उशांचे अभ्रे शिवते. स्वतःची मशीनं, हाताखाली दोन बायका. पण धंदा असा बसलेला, की आता मशीनं विकून दुसऱ्याच्या कारखान्यात काजं-बटणं करायला जायची वेळ आली होती. अशात एका कोरियन बाईंचा निरोप आला, अभ्रे बघायला येते, पसंत पडले तर मोठी ऑर्डर. झालं, सूनबाईनं मोबाइलवरून कोरियन शिकायचा सपाटा लावला, आणि स्वतः शिकून थांबेल तर ती सून कसली, आम्हा दोघा म्हाताऱ्यांनाही बसवलं. "अप्पा, कामसा हामनिदा म्हणजे आभारी आहे." आमच्या हिच्या जिभेला ते वळेना, म्हणून मी युक्ती सांगितली, "अगं, काम सारा मग निजा, एवढं लक्षात ठेव." ठेवलं की तिनं. आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

दुसऱ्या दिवशीच्या धड्यात होतं 'हो' आणि 'नाही'. त्या दिवशी मी दाढ दुखते म्हणून बुट्टी मारली. दाढ कसली दुखतेय, दाढा आहेत कुठे... आणि मी नाही म्हणून हीही बसली नाही. हिला 'नाही' म्हणायला शिकवायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यासारखं.

आणि बाई आल्या ठरल्या वेळेच्या आधीच. सूनबाई मागे इस्त्रीला, मशीनांची खडखड, तिला हाक ऐकू जाईना. मी बाईंना खुर्ची दिली, ही हात जोडून म्हणाली, "काम सारा मग निजा." बाई कमरेत वाकल्या. अहो, छाती फुगली माझी. मग मी विचारलं, "चहा?" तर त्या टेबलावरच्या अभ्र्यांवरून हात फिरवत गोड आवाजात म्हणतात कशा, "खॉपी."

कॉपी?

मी हिच्याकडे बघितलं, हिनं माझ्याकडे. परत म्हणाल्या, "खॉपी, खॉपी." म्हटलं, धिटाई बघा बाईची, आमच्या सुनेची नक्षी उचलणार आणि तेही तोंडावर सांगून. आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

हिनं चहा-बिस्किटं आणून ठेवली. मी बशीकडे बोट दाखवून विचारलं, "चालेल ना?" बाई मान डोलावून म्हणाल्या, "ने, ने." ही म्हणाली, "इश्श्य, ने काय ने, एवढा नखरा?" आणि बशी उचलून आत. बाई चकित. थोड्या वेळानं हिचंच मन द्रवलं, बशी परत आणली. बाई घाबरून हात हलवत म्हणाल्या, "आनियो, आनियो." ही म्हणाली, "अहो, आता आणा म्हणतायत." आणला डबा. "आनियो." आणला दुसरा डबा. बाई जसजशा आनियो म्हणताहेत तसतसं टेबल भरतंय, घरातली बिस्किटं संपली, शेवटी माझी खोकल्याची बाटलीसुद्धा आली.

शेवटी बाईंनी अभ्र्यांकडे बोट केलं. मी विचारलं, "आवडले?" तर, "ने." आता ने म्हटल्यावर... हिनं सगळा गठ्ठा उचलला, आत नेला आणि कपाटाला कुलूप घातलं. बाई पर्स घेऊन उठल्याच. मी हिला मोठ्यानं म्हणालो, "जाऊ दे तिला, चोराला घरात घेऊन चहा पाजत होतो आपण." आणि बघतो तर दारात सूनबाई, हातात गरम इस्त्री.

मग काय, सूनबाईनं कोरियनमध्ये गयावया केली. 'ने' म्हणजे त्यांच्याकडे हो, 'आनियो' म्हणजे नको, आणि खॉपी म्हणजे आपली प्यायची कॉफी हो, साधी कॉफी. बाईंना ने-आनियोचा घोळ कळला तशा त्या मटकन बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. कुलूप उघडलं, अभ्रे बाहेर आले, आणि ऑर्डर... मिळाली. वर आमच्या हिचा हात हातात धरून बाईंनी फोटो काढला.

बाई गेल्यावर मी मिशीवरून हात फिरवला. म्हटलं, "बघ सूनबाई, हसवलं म्हणून माणूस बसलं, नाहीतर तुझी ऑर्डर दारातून चालली होती. शेवटी निभावलं ते अप्पाच्या कोरियननं."

सूनबाई अभ्र्यांची घडी घालता घालता शांतपणे म्हणाली, "नाही अप्पा. निभावलं ते त्यांना मराठी येत नाही म्हणून."