लाईनमन न्हवं, लाईनबॅकर

हॅलो?... कोन, करुणा? जयभीम, जयभीम. तिकडं अमेरिकेत समदं बरं न्हवं?... हो, हो, तुझा अनुप बरा हाय. हितंच निमगावात, आबांपाशी. तुझा फोन उचलत न्हाय ते आमाला बी दिसतंय... अगं ऐक ना, त्याचा सत्कार झाला काल.

व्हय, सत्कार! मी म्हनलं दादासाहेबांना, पोरगं आत्याकडं दोन घास खायला आलंय, ऱ्हाऊ द्या. पर निवडणूक लागलीया, पुढारी ऐकतोय व्हय? आपल्या सोमनाथदादाचा पोरगा अमेरिकेच्या कॉलेजात फुटबॉल खेळतो एवढं कळलं, की लागला चौकात फ्लेक्स... फोटू? हेल्मेटातला. आत कोन बी असंल! दादासाहेबांचा चेहरा मातर ह्यो एवढा.

अन् छापलं काय... 'सुप्रसिद्ध लाईनमन'! हसू नगंस. सकाळी दोघं दारात, लाईटीचा डीपी जळलाय म्हनत. ह्यो खुळा गेला बी बघायला!

मग काय, भाषण. म्हनं, 'आपल्या अनुपनं असंख्य गोल केले.' अगं, त्यो गोल करतोय कुठं?... व्हय गं, लाईनबॅकर त्यो, तिकडल्या फुटबॉलात बॉल घिऊन पळनाऱ्याला आडवा करायचा, ठावं हाय मला. कप्तान हुता, अख्खं स्टेडियम त्याच्या नावानं वरडायचं, तूच दाखवलंस की मोबाईलवर... पर दादासाहेबांनी ठिवला गोल बॉल म्होरं, तिकडला लांबट न्हवं. म्हनलं, मार किक! मारली. बॉल थेट चहाच्या पातेल्यात.

मग माईक घेतला त्यानं... सांगते, सांगते. आडखळत बोलला, मराठीतच. 'गुडघा गेला माझा. मोठ्या टीमा घेनार हुत्या, कुनीच घेतलं न्हाय. खेळ संपला. सत्कार कशाचा?'

टाळ्या वाजवल्या एकट्या दादासाहेबांनी. त्यांना वाटलं, निवड झाली.

अन् आबा उठलं... व्हय, आपलं कचरूआबा! इंजिनेर व्हायचं सोडून नातू मारामाऱ्या करतो म्हनायचं न्हवं का? धोतर खोचलं, बॉल काखंत मारला, म्हनलं, 'मी पळतो. आडव मला. बघू दे तू काय करत हुतास ते.'

अगं खरंच पळलं! अनुप लंगडत आडवा गेला, अन् धरलं आबाला कमरंत. पाडलं न्हाय... न्हाय गं, लागलं न्हाय कुनाला. धरलं, ते सोडंचना. आबाच्या खांद्यात तोंड घालून रडला, हमसून हमसून. आबा म्हनलं, 'एवढी ताकद लागती व्हय रं? मी एकदा तरी बघाया पायजे हुतं.'

...दादासाहेब? बोलतच हुतं की माईकवर. ऐकतंय कोन!

आता तू नगं रडूस... थांब, आला बघ. अनुप! हिकडं ये. आई हाय फोनवर... मराठीत बोल न्हायतर इंग्लिशमदी, पर बोल, बाळा. घे... अरं, घे की!