उलट्या बाजूचा दांडा

सुट्या भागांच्या दुकानात पंपाच्या वॉशरसाठी रांगेत उभ्या असलेल्या मास्तरीणबाईंचे कान पुढच्या म्हाताऱ्याकडे लागले होते. त्याने काउंटरवर बागेतल्या जुन्या, छोट्या ट्रॅक्टरचा फोटो ठेवला होता.

"पट्टा मिळेल, आजोबा. पण नांगर उचलायचा दांडा कुणीतरी उलट्या बाजूला लावलाय."

"सुनेने. नांगरही तिचाच, जुन्या पलंगाच्या लोखंडाचा."

"काम झकास आहे. पण दांडा उजवीकडे असतो."

"होता. तिने कापून डावीकडे आणला."

"चुकून?"

"वेल्डर आहे ती. बारा वर्षं तिची चूक शोधतोय, सापडली की कळवतो."

"मग कशाला आणला?"

"दवाखान्यातून घरी आलो तेव्हा म्हटलं, आता काही उपयोग नाही, भंगारात काढ. तर म्हणते, 'कुणाला, बाबा? ट्रॅक्टरला की तुम्हाला?' आणि बसली की वेल्डिंगला."

"चालवतं कोण?"

"काल चार वाफे नांगरले. मीच."

दुकानदाराने पट्टा पुढे केला. म्हाताऱ्याचा उजवा हात नुसता लोंबत राहिला. त्याने डावा पुढे केला.

"ह्याच्यात द्या. हल्ली हाच घरातला कर्ता आहे."