दाखल्यावरचं वय

कोर्टाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या.

“बालसुधारगृहातच ठेवतील ना गं त्याला?”

“नाही ताई. मोठ्यांच्या तुरुंगात नेताहेत.”

“अगं, मारामारी झाली तेव्हा सतराच वर्षांचा होता तो!”

“शाळेच्या दाखल्यावर अठरा भरलेत.”

“काहीतरीच काय! घरी, माझ्या हातावर जन्मलाय तो.”

“घरी सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून पहिलीत घालताना वय वर्षाने वाढवून सांगितलं होतं.”

“कुठल्या शहाण्याने?”

“मीच. आज जज्जसाहेबांना खरं ते सांगितलं, तर म्हणाले, पोराला वाचवायला सगळ्याच आया असं सांगतात.”

“आणि तो?”

“तो शिपायाला पुन्हा पुन्हा सांगत होता, ‘काका, माझी आई कधी खोटं बोलत नाही.’”