लाल दिवा आणि अकराचा साखरपुडा

रविवार, सकाळचे आठ. केबिन रोडमागच्या आमच्या सोसायटीचं आवार. अकरा वाजता ठाण्यात मेहुणीचा साखरपुडा होता आणि गाडीतला ब्रेकचा लाल दिवा काही विझेना. तो तसाच पेटता ठेवून, बायकापोरांना घेऊन घोडबंदरचा घाट कसा उतरायचा, सांगा!

हँडब्रेक चाचपला, खालीच होता. बॉनेट उघडून ब्रेक ऑइल पाहिलं, खुणेपर्यंत भरलेलं. एवढ्यात तळमजल्यावरचे मेहताभाई चहाचा कप घेऊन आले.

"साहब, बत्ती का वायर निकाल दो. दिखेगा नहीं, तो टेन्शन नहीं."

मी भडकलो. "मेहताभाई, तीस साल से रिपोर्टर हूं. खबर दबानेवाले सब यही बोलते हैं!"

बायको नटूनथटून खाली आली आणि गाडीत डोकावली. "अहो, देवीची चुनरी हँडब्रेकला कशी?"

बुडाशी चार वेढे घालून कोंबली होती, म्हणून हँडब्रेक पूर्ण खाली बसतच नव्हता. तिने वेढे सोडले, हँडब्रेक बोटभर आणखी खाली गेला आणि दिवा विझला.

"कोणी बांधली ही इथे?" मी तिथल्या तिथे चौकशी लावली.

"मी आरशाला बांधली होती. तुम्हालाच मागचं दिसत नव्हतं म्हणे."

साखरपुडा वेळेवर गाठला. नंतर मी मुलांना विचारलं, गाडी धुणाऱ्याला विचारलं, मेहताभाईंनाही सोडलं नाही. आजवर कोणीही कबुली दिलेली नाही. गाडीची किल्ली एकच आहे, आणि ती माझ्या खिशात असते.