नुसती टकटक

दुरुस्तीच्या दुकानात शिंपीणबाई बंद पडलेली इस्त्री घेऊन उभ्या होत्या. पुढच्या माणसाने दुकानदारासमोर कीबोर्ड ठेवला.

"विकायचाय. आवाज बंद पडलाय, आणि तसंही कुणी वाजवत नाही."

"आधी कोण वाजवायचं?"

"मुलगी, पाचवीतली. मीच शिकवायचो घरी. सकाळी मोबाइलवर बघून मी शिकायचो आणि संध्याकाळी तिला शिकवायचो."

"वा! म्हणजे मास्तर एकच धडा पुढे!"

"तेवढाच. पण तोरा किती! एक सूर चुकला की म्हणायचो, परत पहिल्यापासून. एकदा सतरा वेळा झालं. मी नाही मोजलं हो, तिनं मोजलं."

"मग?"

"मग सोडलंच तिनं. वर्ष झालं."

"सोडलं कसलं, दादा? या मधल्या पट्ट्या बघा, बोटं फिरून फिरून गुळगुळीत झाल्यात. आणि बिघाडही नाही काही. हेडफोनची पिन आत मोडलीय, म्हणून बाहेर आवाज येत नाही."

"हेडफोनची?"

"रोज लावून काढून मोडते अशी."

"आई म्हणायची, तू कामावर गेलास की पोरगी नुसती टकटक करत बसते. मला वाटलं, खेळत असेल."

"ही घ्या, निघाली पिन. आता घरभर ऐकू येईल."

शिंपीणबाईंनी इस्त्री या हातातून त्या हातात घेतली.

"काय दादा, विकायचाय ना?" दुकानदाराने विचारलं.

"नाही. एक हेडफोन द्या. लहान डोक्याला बसेल असा."

"मुलीला आवडेल."

"आजीनं आणला म्हणून सांगतो. माझं नाव ऐकलं तर लावणार नाही ती."