टँकरचा भोंगा

खोटं वाटलं तर आमच्या मंडळींना विचारा. दुष्काळाच्या साली मी वडिलांची जुनी फटफटी पडवीत खोलून पुन्हा उभी केली. सगळं बसलं, हॉर्न तेवढा मिळेना. सलीम मिस्त्रीनं भंगारातल्या पाण्याच्या टँकरचा भोंगा दिला. म्हणाला, "म्हशी रस्ता सोडतील बघ."

गल्लीत वाजवला. म्हशी हलल्या नाहीत, पण सगळ्या बाया घागरी घेऊन पळत आल्या. बघतात तर मी. शिव्या लई बसल्या, पण मला चटक लागली. मग रोज वाजवायचो.

एका दुपारी सोसायटीत दूध घालून परत येताना वेशीवर टँकर भेटला, भरलेलाच परत निघालेला. ड्रायव्हर म्हणाला, "तुमच्या गावाला पानी नको का बे? हॉर्न वाजवून दमलो, कुत्रं आलं न्हाई. आता नांदूरघाटला चाललो."

घरी येऊन मंडळींना विचारलं, "कावून गेली न्हाईस?"

"मला वाटलं, तुमीच."

भोंगा तिनंच पाना लावून काढला. त्या जागी मी घागरी अडकवायचे आकडे बसवले. उरलेला उन्हाळा नांदूरघाटहून पाणी आणणारा गल्लीचा टँकर मीच होतो, आणि हॉर्न नसतानाही बाया बरोबर हजर असायच्या.